वरचे नऊ इंच

"थांबा, पाण्याले इचारून पाहू," असं म्हणून ते रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसायचे, पिशवीतून बाटली काढायचे आणि हळूच थोडं पाणी डांबरावर ओतायचे. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते पाणी कुठे जातं ते बघत राहायचे. मागे ट्रॅक्टर येऊन हॉर्न वाजवायला लागला, तरी पाणी थबकल्याशिवाय उठायचे नाहीत.

पिशवीत बाटल्या दोन. निळ्या झाकणाची पिण्याची, लाल झाकणाची रस्त्याची. एकदा घाईत त्यांनी रस्त्याची बाटली तोंडाला लावली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "रस्ता बिचारा रोज हेच पेते."

नव्या माणसाला हा प्रकार कळायचा नाही. आमच्या चौकातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चार पावलं लांब थांबला. "साहेब, काई उतरवून राह्यले काय?"

"हो बाबा," साहेब मान वर न करता म्हणाले. "लिंबू आणाचं तेवढं राहून गेलं."

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. इकडे गटाराला नाली म्हणतात. ते नगर परिषदेत इंजिनिअर होते आणि पावसाच्या पाण्याच्या नाल्या त्यांच्याकडे होत्या, म्हणून गल्ली त्यांना नालीवाले साहेब म्हणायची. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. मीही इथे तेवढंच नाव ठेवतो.

आमची गल्ली मोठ्या रस्त्यापासून उतरत उतरत खाली ओढ्यापर्यंत जाते. घरं चौतीस. माझं वरून अकरावं. अगदी शेवटचं घर एका निवृत्त नर्सबाईंचं. मेडशीकडच्या त्या, नवऱ्यामागे नोकरीच्या पैशातून एकटीनं बांधलेलं घर. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. आमची वरची घरं दर दहा-बारा वर्षांनी भराव टाकून उंच होत गेली. सिस्टरचं घर होतं तिथेच राहिलं, म्हणजे हिशेबानं दरवर्षी थोडं थोडं खाली गेलं. जोराचा पाऊस आला की सगळ्या गल्लीचं पाणी त्यांच्या उंबऱ्यातून आत. त्यांनी पलंगाच्या चारही पायांखाली विटा रचून ठेवल्या होत्या. वर बसल्या की त्यांचे पाय लोंबकळत राहायचे.

मी एका शाळेत लिपिक आहे. शाळेनं निकाली काढलेलं जुनं पर्जन्यमापक मी रीतसर अर्ज करून घरी आणलं आणि गच्चीवर बसवलं. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा. साहेब आले तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. एकही दिवस सुटलेला नाही. लग्नाला परगावी गेलो तर बायकोला शिकवून गेलो. दुसरी गोष्टही इथेच सांगून टाकतो. माझ्या घरापुढे कडाप्पा लावलेला ओटा होता. संध्याकाळी मी त्याच्यावर बसायचो. तो सव्वादोन फूट सरकारी जागेत होता. हे मला माहीत होतं. मी मोजलेलं होतं.

साहेब आमच्याकडे बदलून आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्याच सुमारास आमच्या गल्लीतली नाली नवीन बांधायचं काम निघालं. नाल्यांच्या हिशेबाचं नवं पुस्तक वरून आलं होतं. नव्या नियमानं नाली रुंद आणि खोल होणार होती. ती रुंद करायची तर दोन्ही बाजूंचे ओटे, पायऱ्या आणि गाड्या चढवायचे उतार मागे घ्यावे लागणार होते. गल्लीनं ऐकलं नाही तर जुन्याच मापाची नाली नव्या सिमेंटनं होणार, असं वरून स्पष्ट सांगून झालं होतं. भांडण करून काम अडकवायला नगर परिषदेत कोणी तयार नव्हतं.

सिस्टरनीही आपलं सांगून टाकलं होतं. "पुन्हा तेवढीच नाली होत असंल तं घर इकून मेडशीले भावाकडे जाईन. आता माह्याच्यानं पाणी उपसणं होत नाही."

एका सकाळी साहेब चुन्याची रेघ मारत मारत आले. रेघ माझ्या ओट्याच्या मधून गेली. मी वही घेऊन बाहेर आलो.

"साहेब, हे एकोणीस वर्षांचे आकडे," मी म्हटलं. "मागच्या पावसाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस बघा. बहात्तर मिलिमीटर. भागिले चोवीस. तासाला तीन मिलिमीटर. एवढ्यासाठी चार फूट रुंदीची नाली कशाला?"

त्यांनी वही हातात घेतली. बोट फिरवत दोन-तीन पानं वाचली. मला वाटलं, आपण जिंकलो.

"बाबूजी, दिवसाकाठी पोळ्या किती खाता?"

"सहा."

"भागा चोवीसनं. घंट्याले पाव पोळी. मंग घरात ताट कायले ठेवता? बशीतच भागते."

दारात उभी असलेली माझी बायको हसली. हे मला त्या दिवशी फार लागलं. पण गणितात चूक माझी होती. बहात्तर मिलिमीटर पाऊस चोवीस तास बसून रांगेत पडत नाही. तो दुपारी येतो, पाऊण तासात सगळा कोसळून जातो आणि उरलेला दिवस ऊन पडतं. एकोणीस वर्षं मी पाऊस मोजत होतो. तो किती वेळात पडला हे मी एकदाही लिहिलं नव्हतं.

"वही सोन्यासारखी हाय तुमची," साहेब वही परत देत म्हणाले. "फक्त सकाळी साडेआठलेच उघडते. पावसाले थे माहीत नाही ना. यंदा दर पंधरा मिनिटाले मोजून देता काय? नवीन पुस्तकाले तेच लागते. थोड्या वेळात किती पडला, थे. आपल्या गावचा असा आकडा कोणापाशीच नाही. मी दुसऱ्या गावचा उसना घेऊन राह्यलो."

विरोधकाला कामाला लावायची ही त्यांची पद्धत मी पुढे अनेक ठिकाणी पाहिली. तेव्हा मात्र मी हरायला तयार नव्हतो. मी माझा दुसरा मुद्दा काढला.

"आणि जुनी नाली ज्यानं काढली तो इंजिनिअर काय मूर्ख होता? त्याच्याजवळही पुस्तक होतंच ना? त्यानंही हिशेब केलाच असेल."

साहेबांनी लाल झाकण घट्ट लावलं. बाटली पिशवीत ठेवली.

"मूर्ख नव्हता. पण कवळा होता. सव्वीस वर्षांचा. त्याले वाटे, पुस्तकात जेवढा लिवला तेवढाच पाऊस पडते."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"दाढी करताना रोज दिसते."

मग ते माझ्या ओट्यावर बसले. सरकारी जागेतल्या भागावर, असं मी मनात नोंदवलं. पहिली नोकरी त्यांनी आमच्याच गावात केली होती. जुनी नाली त्यांनीच आखली होती. त्या काळच्या नियमात पाऊस फार जुन्या नोंदींवरून धरायचा. नाली अधूनमधून तुंबली तर तुंबू द्यावी, असाही रिवाज होता. गल्लीत तेव्हा मोकळे प्लॉट होते, अंगणं मातीची होती. "अर्धं पाणी जमीनच प्यायची," ते म्हणाले. "आता आंगणात फरशी, रस्त्यावर सिमेंट. बैलाले डवऱ्याले जुपताना मुसकं बांधतात ना, तसं तुमी जमिनीले मुसकं बांधलं. तिनं पाणी प्यावं कसं?" नवं पुस्तक म्हणतं की पाऊस अलीकडचा धरा, जमीन आजची धरा आणि नाली क्वचितच भरेल अशी काढा.

हे सगळं ते माझ्याशी बोलत होते, पण त्यांची नजर गल्लीच्या खालच्या टोकाला होती. तिकडेच बघत म्हणाले, "प्लॉट घेताना सिस्टरनं मले इचारलं होतं. साहेब, इथं पाणी तं नाही ना येणार? मी म्हणलं, बिनघोर बांधा."

सिस्टरनी त्यांना ओळखलं होतं का? हे मी नंतर विचारलं. ओळखलं होतं. बदलून आल्यावर पहिल्यांदा ते त्यांच्या दारी गेले, तेव्हा त्यांनी चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, "साहेब, केस पांढरे झाले तुमचे." साहेबांनी चहा संपवला आणि रिकामा कप बराच वेळ हातात धरून बसले.

त्या पावसाळ्यात मी दर पंधरा मिनिटांनी मोजायला लागलो. थेंब पडला की छत्री घेऊन गच्चीवर. सुट्टीचे दिवस आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ माझा, मधला वेळ बायकोचा. "लोक पाऊस आला की भजे तळतात," ती म्हणायची, "आमी मिलिमीटर मोजतो." पण तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आणि वेळ अगदी काट्यावर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीची सुट्टी होती, दुपारी तीनला तो पाऊस आला. पहिल्या पंधरा मिनिटांत एकोणीस मिलिमीटर. दुसऱ्या पंधरात तेवीस. तिसऱ्यात अकरा, चौथ्यात चार. एका तासात सत्तावन्न. मी माप डोळ्यासमोर धरून दोनदा वाचलं. खाली पाहिलं तर माझ्या घरासमोरच नाली भरून पाणी रस्त्यावर आलं होतं आणि सगळं खाली, सिस्टरच्या घराकडे धावत होतं. वही बायकोकडे देऊन मी खाली धावलो.

साहेब माझ्या आधी तिथे पोचले होते. बूट हातात, पॅन्ट वर दुमडलेली, सिस्टरच्या पुढच्या खोलीत पाण्यात उभे. सिस्टर पलंगावर बसल्या होत्या. शेजारी शेगडी, तांदळाचा डबा आणि नवऱ्याचा फोटो.

"बसा म्हणता येत नाही साहेब," त्या म्हणाल्या. "आन् चहाही नाही. शेगडी वर घेतली."

साहेब पलंगाजवळ सरकले. त्यांनी खिशातून टेप काढला, वाकले आणि पलंगाच्या पायाशी काही मोजलं. एकेका पायाखाली तीन विटा होत्या. दोन बुडाल्या होत्या, तिसरी कोरडी होती. मला वाटलं, पाण्याची खोली मोजताहेत. मग भिंतीवर पाण्याच्या रेषेशी पेन्सिलीनं खूण केली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "किती?"

मी चारही आकडे सांगितले. त्यांनी ओल्या हातानं तळव्यावर लिहून घेतले. जुनी नाली ज्या पावसावर आखली होती, त्याच्या दुपटीहून ते जास्त होते.

आठवडाभरानं गल्लीची बैठक ठरली, माझ्याच ओट्यावर. विरोध करणाऱ्यांत पुढे होते आमचे कृषी केंद्रवाले शेजारी. त्यांचा उतार माझ्या ओट्याहून मोठा होता. ते सगळ्यांना सांगत फिरले की बाबूजी आकड्यांनी साहेबांची बोलती बंद करतील.

बैठकीच्या आधी मी वही उघडून बसलो होतो. त्या पावसाच्या दिवसाचा आकडा एकसष्ट. भागिले चोवीस म्हणजे अडीच. हेही खोटं नव्हतं. मी तेवढंच वाचलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं.

बायको मुगाच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "वहीत जे लिवलं थे सगळं वाचा," ती म्हणाली. "नाई तं उद्यापासून मले गच्चीवर धाडू नका."

बैठकीत साहेब मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. मी पंधरा-पंधरा मिनिटांचे चारही आकडे वाचले. कोणाला काही उमगलं नाही.

"भागा ना चोवीसनं!" कृषी केंद्रवाले म्हणाले.

"भागता येत नाही," मी म्हटलं. "मी एकोणीस वर्षं चुकीचं भागत होतो." मग साहेबांचं पोळीचं उदाहरण मी सांगितलं. ते मी त्यांच्याइतकं चांगलं सांगू शकलो नाही, पण लोकांना कळलं. शेवटी म्हटलं, "माझा ओटा सव्वादोन फूट सरकारी जागेत आहे. उद्या तोडतो."

कृषी केंद्रवाले माझ्याकडे बघतच राहिले. "बाबूजी, एवढं मोजूनमापून अतिक्रमण करते काय कोणी?"

सगळे हसले आणि त्या हसण्यात बैठकीतलं भांडण विरून गेलं. दुसऱ्या दिवशी माझा कडाप्पा निघाला. चार दिवसांनी त्यांच्या उताराला घण लागला. एकट्यानं अडून बसायचं कोणालाच जमलं नाही.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. साहेब रोज यायचे. पारदर्शक नळीत पाणी भरून उताराची पातळी जुळवायचे. नळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं गल्लीतला जो कोणी समोर सापडेल त्याच्या. कृषी केंद्रवाल्यांनीही एक दुपार नळी धरली. "हलू नका भाऊ, पाणी लाजते," साहेब त्यांना म्हणाले.

मी मात्र त्यांचे हिशेब तपासत होतो. सवय आहे. हिशेबानं पाण्याला तीन फूट खोली पुरत होती. बांधकाम पावणेचार फुटांचं होतं.

"साहेब, वरचे नऊ इंच कुठून आले?"

"पुस्तकातच हाय. वर थोडी जागा खाली ठेवा म्हणून."

"पुस्तकात थोडी आहे. नऊ नाही."

ते हसले. "तीन फूट पुस्तकाच्या पाण्याले. नऊ इंच मले माहीत नाही त्या पाण्याले."

"पण नऊच का?"

"पुस्तकाचं कारण पुस्तकाले माहीत. माह्यं कारण मले माहीत हाय." आणि ते लाल झाकणाची बाटली काढून उकिडवे बसले. म्हणजे विषय संपला.

उन्हाळ्यात नाली पुरी झाली आणि मे महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सत्काराची शाल पिशवीत कोंबून ते आमच्या गल्लीत आले. सिस्टरच्या दारात बसून त्यांनी पाणी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, मग वळून नालीत गेलं. सिस्टर उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मंग साहेब, आता बिनघोर राहू?"

"तसं मी आता म्हणत नाही सिस्टर." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "पलंगाखालच्या इटा आणखी दोन पावसाळे राहू द्या."

ते जऊळक्याकडच्या आपल्या गावी राहायला गेले. पहिल्या पावसाळ्यात आमच्याकडे ढग भरून आले की माझा फोन वाजायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किती?" मी आकडा सांगायचो. "बरं." पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. "किती?" बायको म्हणायची, "थ्या माणसाले रिटायर केलं, पण कोणी सांगितलं नाही वाटते." त्या वर्षी मोठा पाऊस आलाच नाही. नाली दीड फुटाच्या वर चढली नाही. साहेबांना ते पुरेसं वाटलं नाही. "अजून परीक्षा झाली नाही," ते म्हणाले.

हिवाळ्यात ते गेले. शेतातून घरी आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं.

परीक्षा पुढच्या श्रावणात झाली. रविवारची दुपार होती. पहिल्या पंधरा मिनिटांत चोवीस मिलिमीटर. दुसऱ्यात सव्वीस. माझ्या वहीतला सगळ्यात मोठा अर्धा तास. मी गच्चीवर आकडा लिहिला आणि नकळत शर्टाच्या खिशावर हात ठेवून थांबलो. फोन वाजला नाही. पुढची पंधरा मिनिटं झाली तेव्हाही मी तसाच थांबलो. बायकोनं ते पाहिलं आणि पुढचा आकडा स्वतःच लिहिला.

पाऊस ओसरल्यावर मी पट्टी घेऊन खाली गेलो. सिस्टरच्या घरासमोर नालीच्या भिंतीवर ओलीची रेघ स्पष्ट होती. पुस्तकाचे तीन फूट भरून पाणी वरच्या नऊ इंचांत चार इंच चढलं होतं. पाच इंच कोरडे होते. उंबऱ्यावर पाण्याचा थेंब नव्हता. मी वहीत तसं लिहिलं.

"आता काढू काय इटा?" मी सिस्टरना विचारलं.

"साहेबांनी दोन पावसाळे म्हणलं होतं. अजून हस्त बाकी हाय."

हस्त नक्षत्रही संपलं. मग त्यांनी मला आणि बायकोला बोलावलं. आम्ही दोघांनी पलंगाचं एकेक टोक उचललं, सिस्टरनी खालच्या विटा ओढून काढल्या. तीन चोक बारा. मी त्या भिंतीशी एकावर एक तीन अशा रचल्या आणि सवयीनं पट्टी लावली. नऊ इंच.

पट्टी हातात धरून मी तसाच बसलो. पुराच्या दिवशी टेप घेऊन ते पाण्यात वाकले होते, तेव्हा ते पाणी मोजत नव्हते.

"काय झालं बाबूजी?" सिस्टरनी विचारलं. त्या पलंगाच्या काठावर बसल्या होत्या. इतक्या वर्षांनी त्यांचे पाय जमिनीला टेकले होते, आणि त्या टाचा पुन्हा पुन्हा फरशीवर टेकवून पाहत होत्या.